दीर्घ लेखनप्रकल्प पहिल्याच प्रकरणात अडकला आहे. पुढे कसे जावे?

पाणरेषा (प्रश्न)

मी सर्जनशील लेखन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असून सध्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी प्रत्येकाला एक दीर्घ प्रकल्प पूर्ण करावा लागतो: सुमारे २०,००० शब्दांचे कथात्म लेखन आणि त्याला जोडून ४,००० शब्दांचा चिकित्सक निबंध. प्रकल्प सादर करायला आजपासून २६ आठवडे उरले आहेत. माझे साधारण ८,००० शब्द लिहून झाले आहेत, पण गेल्या दोन महिन्यांत त्यांत खरी म्हणावी अशी भर पडलेली नाही.

विषय थोडक्यात सांगते. नदीकाठी पाण्याच्या पातळीची मोजपट्टी वाचून नोंदवहीत आकडे लिहिणारा एक कर्मचारी आहे. दिवसातून तीन वेळा, आणि पुराच्या दिवसांत दर तासाला, असे आकडे त्याने तीस वर्षे लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर मुलगी त्या वह्या चाळते, तेव्हा तिच्या लक्षात येते की पुराच्या ज्या एका रात्री वडील आजारी असलेल्या तिच्या उशाशी रुग्णालयात बसून होते, त्या रात्रीचेही सगळे आकडे वहीत, वडिलांच्याच अक्षरात, तासातासाला लिहिलेले आहेत. हा प्रसंग सुचला तेव्हा यात दीर्घकथेचा ऐवज आहे असे मनापासून वाटले आणि अजूनही वाटते.

मंजूर झालेल्या प्रस्तावात मी लिहिले होते की कथा वडिलांच्या नजरेतून, कालक्रमाने सांगितली जाईल. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकरणापासून मुलगीच बोलू लागली, आणि तिसऱ्या प्रकरणात कोण बोलते आहे हे माझे मलाच नीट सांगता येत नाही. लिहायला बसले की मी पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेते, वाचता वाचता दुरुस्त करते, आणि वेळ संपतो. त्या प्रकरणाचे आता अकरा खर्डे झाले आहेत. वर्गातील कार्यशाळेत काहींचे म्हणणे पडले की नदी अधिक यायला हवी, तर काहींचे की सुरुवातच रुग्णालयात व्हायला हवी. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही वेळा कथा माझ्या हातून निसटल्यासारखी झाली. मार्गदर्शकांची भेट महिन्यातून एकदा असते, पण अर्धवट लिहिलेले दाखवण्याचा संकोच वाटतो, त्यामुळे गेल्या दोन भेटी नुसत्या बोलण्यावर गेल्या.

आतापर्यंत मी दोन-तीन हजार शब्दांच्या कथाच लिहिल्या. त्या पूर्ण डोक्यात असत. हे लेखन डोक्यात मावत नाही. ज्यांनी असे प्रकल्प केले आहेत किंवा करवून घेतले आहेत, त्यांनी काम पुढे कसे नेले हे कृपया सविस्तर सांगावे.

समास

मी बऱ्याच वर्षांपासून विद्यापीठात अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या अडचणीचे मूळ मला तुमच्या शेवटच्या परिच्छेदात दिसते. लघुकथेचा शेवट लिहिताना तिचे पहिले वाक्य लेखकाच्या कानात असते. २०,००० शब्दांच्या लेखनात ते शक्य नसते, आणि तसा आग्रह धरला की माणूस पुन्हा पुन्हा सुरुवातीला जाऊन सगळे डोक्यात भरून घेऊ पाहतो. जे डोक्यात मावत नाही ते कागदावर उतरवून ठेवावे, आणि तेही कथेच्या फायलीत नव्हे, वेगळ्या वहीत. प्रत्येक बैठक संपताना या वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात: आज काय लिहिले, कोणता निर्णय घेतला, कोणता टाळला, आणि उद्या नेमकी कोणत्या वाक्यापासून किंवा कोणत्या कृतीपासून सुरुवात करायची. यातली शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. तुम्ही रोज पहिल्या प्रकरणातून आत शिरता, कारण आत शिरायला दुसरे दारच तुम्ही ठेवलेले नाही. आदल्या दिवशी ‘ती वही मिटते आणि दिवा तसाच ठेवून बाहेर येते’ एवढे जरी लिहून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी मागचे काहीही न वाचता तेथून पुढे जाता येते.

आता पहिल्या प्रकरणाविषयी. पहिले प्रकरण चांगले होण्यासाठी जे माहीत असावे लागते, ते शेवटची प्रकरणे लिहिल्यावरच कळते, हे तुमच्याच कथेवरून दाखवतो. त्या रात्री मोजपट्टी कोणी वाचली? एक शक्यता अशी की कोणीच वाचली नाही आणि वडिलांनी आकडे मनाने बनवले. मग ही आयुष्यभर प्रामाणिक राहिलेल्या आणि एकदाच खोटे लिहिलेल्या माणसाची कथा होते. दुसरी शक्यता अशी की दुसऱ्या कोणीतरी आकडे वाचले आणि वडिलांनी ते नंतर वहीत उतरवले. मग कथेत एक असा माणूस आहे जो तुमच्या वर्णनावरून तरी ८,००० शब्दांत कोठेच दिसत नाही. या दोन पूर्णपणे वेगळ्या कथा आहेत. वडील पट्टी पुसून आकडा मोठ्याने उच्चारतात का, त्या वेळी शेजारी कोणी उभे असते का, असले पहिल्या प्रकरणातले तपशील कोणती कथा खरी यावर अवलंबून आहेत. तो निर्णय पहिले प्रकरण बाराव्यांदा घासून होणार नाही. ती रात्र लिहूनच होईल.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले प्रकरण आहे त्या स्थितीत बंद करावे आणि पूर्ण कच्चा खर्डा होईपर्यंत उघडू नये. वाचताना चूक आठवली तर वहीत लिहावी, फायलीत दुरुस्त करू नये. मला ठाऊक आहे की हे ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. आपण लिहिलेले वाईट वाक्य तसेच सोडून पुढे जाणे लिहिणाऱ्याला शारीरिक अस्वस्थता देते. तरीही ते शिकावे लागते, कारण दीर्घ लेखनातली बरीचशी वाक्ये पुढे प्रसंगासकट जाणार असतात आणि त्यांच्यावर केलेली मेहनतही त्यांच्याबरोबर जाते.

पुढे लिहिण्यापूर्वी मात्र एक काम करावे. झालेल्या ८,००० शब्दांचा उलटा आराखडा तयार करावा. आराखडा सहसा लिहिण्याआधी करतात. हा लिहिल्यानंतर करायचा असतो. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत तीन रकाने: हा प्रसंग कोण पाहते आहे, या प्रसंगातून वाचकाला नव्याने काय कळते, आणि कोणती गोष्ट लोंबकळत राहते. लागोपाठ दोन-तीन प्रसंगांत तिसरा रकाना रिकामा निघाला, तर कथा तेथे थांबलेली आहे असे समजावे, भाषा कितीही चांगली असली तरी. पहिल्या रकान्यामुळे तिसऱ्या प्रकरणातला तुमचा निवेदकाचा गोंधळही नेमका कोणत्या प्रसंगात सुरू झाला हे सापडेल.

प्रस्तावाचे म्हणाल तर तो लेखनापूर्वी केलेला अंदाज असतो आणि मार्गदर्शकांनाही तो तसाच अपेक्षित असतो. बदल झाला याचे वाईट वाटून घेऊ नका, पण तो तोंडी ठेवू नका. काय बदलले, का बदलले आणि काय बदललेले नाही हे एका पानावर लिहून द्यावे. शीर्षक किंवा स्वरूप बदलायचे असेल तर विभागाची मान्यता लागते का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही आत्ताच पाहून घ्यावे. शेवटच्या महिन्यात नियम काढून पाहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचा तो महिना अर्ज करण्यात गेला.

वेळेचा हिशेब आपण मांडू. उरलेले १२,००० शब्द १४ आठवड्यांत लिहायचे ठरवले तर आठवड्याला साधारण ८६० शब्द होतात, म्हणजे पाच बैठका धरल्या तर बैठकीला १७० ते १७५. एवढे शब्द कोणालाही जड नाहीत. त्यानंतर दोन आठवडे कथेकडे पाहूही नये, सात आठवडे पुनर्लेखनासाठी ठेवावेत, आणि शेवटचे तीन निबंधाला अंतिम रूप, शुद्धलेखन आणि मांडणीसाठी. पुनर्लेखनाचे सात आठवडे सर्वांत आधी राखून ठेवावेत. बहुतेकांच्या हातून नेमके तेच निसटतात.

मार्गदर्शकांना भेटीच्या आठवडाभर आधी दीड-दोन हजार शब्द पाठवावेत, हा कच्चा खर्डा आहे असे वर स्पष्ट लिहावे आणि दोनच प्रश्न विचारावेत. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘चांगले आहे, अजून काम हवे’ असे उत्तर मिळते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. ‘वहीतल्या नोंदी खोट्या असाव्यात हा संशय तुम्हाला कोणत्या पानावर आला?’ असे विचारले तर ज्यावर काम करता येईल असे उत्तर मिळते.

रफवही

मी असाच प्रकल्प काही काळापूर्वी पूर्ण केला. वरील उत्तरातले बहुतेक सगळे मला पटते. शब्दांच्या रोजच्या हिशेबाविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. मी रोज २०० शब्दांचे बंधन घालून घेतले होते, आणि महिन्याभराने पाहिले तर खोलीचे, प्रकाशाचे, चहाच्या कपातून निघणाऱ्या वाफेचे वर्णन वाढले होते, प्रसंग मात्र जागच्या जागी होता. शब्द भरायचे आहेत म्हटल्यावर हात सोपे तेच भरतो. त्यानंतर मी बैठकीला शब्द न मोजता एक छोटे काम ठरवू लागलो: आज थोरल्या भावाला धाकट्याच्या खोलीत न्यायचे आणि काहीतरी नाकारायला लावायचे. कधी त्याला ८० शब्द लागले, कधी ६००.

कार्यशाळेविषयी सांगतो, कारण तेथे मी खूप वेळ घालवला. वाचणाऱ्याला जेथे अडखळायला होते ती जागा खरी असते. त्याने सुचवलेला उपाय मात्र त्याच्या स्वतःच्या कथेचा असतो. नदी अधिक हवी म्हणणारे आणि सुरुवात रुग्णालयात हवी म्हणणारे एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे तुम्हाला वाटते आहे, पण मला दोघांची तक्रार एकच ऐकू येते: वहीतल्या आकड्यांचे मोल काय, ते चुकले तर कोणाचे काय बिघडते, हे त्यांना सुरुवातीच्या पानांत कळत नसावे. एकाला ते नदी दाखवून कळेल असे वाटते, दुसऱ्याला मुलीचे आजारपण दाखवून. कार्यशाळेत मते ऐकताना मी वहीच्या पानाचे दोन भाग करत असे, डावीकडे वाचक कोठे अडला ते आणि उजवीकडे त्याने काय सुचवले ते, आणि घरी आल्यावर आठवडाभर फक्त डावी बाजू वाचत असे. आणखी एक: कच्चा खर्डा पूर्ण होईपर्यंत सगळ्या वर्गाला सगळे दाखवू नये. दोन विश्वासाचे वाचक पुरतात.

पुनर्लेखनात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पूर्ण खर्डा मोठ्याने वाचणे. माझ्या कथेत वडिलोपार्जित छापखाना चालवणारे दोन भाऊ होते. डोळ्यांनी वाचताना संवाद ठीक वाटत होते. तोंडाने वाचल्यावर लक्षात आले की प्रत्येक प्रश्नाला सरळ आणि पूर्ण उत्तर मिळते आहे. ‘दिवा कोणी बंद केला?’ ‘मी बंद केला.’ एकाच घरात चाळीस वर्षे राहिलेली माणसे असे बोलत नाहीत. ते मी असे केले: ‘दिवा कोणी बंद केला?’ ‘तुझं वाचून झालं होतं ना?’ एवढ्या एका बदलाने दिवा कोणी घालवला हे कळले, दोघांमधली कुरबूर कळली, आणि पुढचे अर्धे पान काढून टाकता आले. असे काढलेले काहीही मी पुसले नाही. ‘कातरणे’ नावाची वेगळी फाईल ठेवली आणि सगळे तिच्यात टाकत गेलो. जे कायमचे जाणार नाही ते कापताना हात थरथरत नाही. त्यातले दोन परिच्छेद पुढे वेगळ्याच जागी कामी आले.

मूळ फायलीची दर आठवड्याला तारीख घातलेली प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

आणि कामाच्या वहीचे महत्त्व मला वेगळ्या कारणाने कळले. वर्षाच्या मध्यावर माझे मार्गदर्शक विभाग सोडून गेले आणि नव्या मार्गदर्शकांना माझा प्रकल्प सुरुवातीपासून वेगळ्या पद्धतीने हवा होता. त्या भेटीत मी गांगरलो असतो, पण कोणता निर्णय कधी आणि का घेतला हे वहीत लिहिलेले असल्यामुळे त्यांच्यासमोर वाचून दाखवता आले. काही बाबतीत त्यांचे पटले, काही बाबतीत त्यांना माझे पटले, आणि कथा जागेवर राहिली.

पाणरेषा

दोघांचेही मनापासून आभार. ती रात्र कोणी मोजली हा प्रश्न मी स्वतःला आजवर विचारलाच नव्हता, हे वाचताना जाणवले. उलटा आराखडा या शनिवार-रविवारी करते.

निबंधाविषयी मात्र मनात भीती आहे. कथा लिहून झाल्यावर तिच्याविषयी आणखी ४,००० शब्द कशासाठी लिहायचे हे मला समजत नाही. कथेत जे आहे ते कथेत आहे. तेच पुन्हा उलगडून सांगितले तर तिच्यातला ओलावा जाईल असे वाटते. आणि आत्ता, कथा अर्धवट असताना, त्याचा विचार करावा की नाही?

अर्धविराम

मी सर्जनशील लेखनातच पीएच.डी. करते आहे, त्यामुळे या निबंधाशी माझे रोजचे नाते आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे.

कथा-कविता विद्यापीठात प्रबंध म्हणून चालणे ही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदव्युत्तर पदव्यांसाठी सर्जनशील कृती प्रबंध म्हणून स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि १९३६ मध्ये तेथे विल्बर श्राम यांच्या संचालनाखाली लेखन कार्यशाळा रीतसर सुरू झाली. पुढे दीर्घ काळ त्या कार्यशाळेची धुरा सांभाळणारे पॉल एंगल हे स्वतः तेथे कवितांचा प्रबंध सादर केलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. त्या कविता १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. कथा हाच प्रबंध झाला की विद्यापीठापुढे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो: कृती उत्तम असेल, पण ती लिहिताना लिहिणाऱ्याने काय शोधले, हे परीक्षकाने कोठे पाहायचे? जोडनिबंध त्या प्रश्नाला उत्तर देतो. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत त्याला ‘एक्झेजेसिस’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात धर्मग्रंथांवरील भाष्यासाठी वापरला जातो. माझ्या मते तेथूनच गैरसमज सुरू होतो, कारण तुम्हाला स्वतःच्या कथेवर भाष्य करायचेच नाही. माझ्या कथेचा अर्थ असा आहे, असे एकही वाक्य निबंधात नसले तरी चालते, किंबहुना नसावेच.

निबंधाचा विषय तुमच्यापुढचा लेखनाचा प्रश्न असतो. तुमच्या बाबतीत मी तो असा मांडेन: कथेत एक दस्तऐवज आहे, तो खोटा असण्याची शक्यता आहे, आणि निवेदक कोठेही ‘हे खोटे आहे’ असे म्हणत नाही, मग वाचकाला संशय कशावरून यावा? हा प्रश्न हातात धरून पत्रे, दैनंदिन्या, हिशेबवह्या, जबान्या यांचा आधार घेतलेल्या पाच-सहा कथाकादंबऱ्या वाचाव्यात, पण नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने: कथानकाकडे पाठ करून, फक्त त्या दस्तऐवजाच्या जागा पाहत. कोठे दस्तऐवज स्वतःशीच विसंगत होतो, कोठे दुसरा साक्षीदार येतो, कोठे तो संशय यावा इतका नीटनेटका असतो. या वाचनाच्या टिपणांतून निबंधाचा पहिला भाग तयार होतो, आणि तुम्ही स्वतः काय करून पाहिले, काय फसले आणि का बदलले, यातून दुसरा. दुसऱ्या भागाचा कच्चा माल म्हणजे वर दोघांनी सांगितलेली कामाची वही. म्हणून ती आत्ताच सुरू करा. नंतर आठवून लिहिलेले कारण हे बहुधा नंतर सुचलेले कारण असते.

ओलावा जाण्याची भीती मलाही होती. माझ्या बाबतीत घडले ते उलटच, निबंधासाठी केलेले वाचन कथेत शिरले. तुमच्या विषयावर मी सहज विचार करत होते, तेवढ्यात पाहा किती हाती लागते. दर तासाला उठून लिहिलेल्या आकड्यांत शाईचा गडदपणा, हाताचा दाब, अक्षराचा कल थोडा तरी बदलतो. एका बैठकीत लिहिलेले नऊ-दहा आकडे एकाच कलाने उतरतात. आणि आकड्यांचेही स्वतःचे बोलणे असते. पुराचे पाणी सहसा झपाट्याने चढते आणि सावकाश ओसरते. मनाने बनवलेल्या आकड्यांत चढ आणि उतार सारख्याच गतीने होण्याचा संभव अधिक. शिवाय नदी एका ठिकाणी थांबत नाही, त्यामुळे खालच्या अंगाला दुसरे मोजकेंद्र असेल तर तिथल्या वहीशी या वहीचा ताळा घालता येतो. मुलगी ज्या क्रमाने या तीन गोष्टी पाहील तो क्रम म्हणजेच तुमच्या कथेची रचना असू शकते.

निबंधाची वाक्ये मात्र कच्चा खर्डा संपेपर्यंत लिहू नका. तोपर्यंत फक्त टिपणे. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचे पान क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवा. खऱ्या नोंदवह्या पाहणार असाल तर त्या वापरण्याची परवानगी लेखी घ्या, आणि लेखनास मदत करणाऱ्या संगणकीय साधनांबाबत तुमच्या विभागाचा नियम काय आहे तेही एकदा वाचून ठेवा.

समास

शब्दमोजणीविषयी ‘रफवही’ यांनी मांडलेला अनुभव मान्य आहे. मी आठवड्याचा आकडा दिला तो एवढ्यासाठी की काम आवाक्यातले आहे हे दिसावे. बैठकीचे माप शब्दांत ठेवा किंवा प्रसंगांत. कच्चा खर्डा संपण्याची तारीख मात्र एकदा ठरली की हलवू नका.

एक सुचवतो. चौथे प्रकरण हाती घेण्याऐवजी ती रात्रच आधी लिहा. क्रमाने लिहिण्याचे कोणतेही बंधन नाही, आणि ज्या प्रसंगासाठी हा सगळा प्रकल्प उभा राहिला तो प्रसंग अजून लिहिलाच गेलेला नाही, असे तुमच्या दोन्ही टिपणांवरून दिसते.

पाणरेषा

उलटा आराखडा झाला. ८,००० शब्दांत तेरा प्रसंग निघाले. चौथ्यापासून आठव्यापर्यंत तिसरा रकाना सलग रिकामा आहे. मला सर्वांत आवडलेली वाक्ये नेमकी त्याच पाच प्रसंगांत आहेत. वही पहिल्या प्रसंगात उघडते आणि त्यानंतर थेट बाराव्यात. पहिले प्रकरण बंद करून ठेवले आहे, आणि मार्गदर्शकांना देण्यासाठी बदलाचे एक पानही लिहिले आहे.

काल ती रात्र लिहायला बसले. आधी दहा आकडे खरोखर एका कागदावर लिहून पाहिले, आणि ते एकाच शाईत, एकाच कलाने, एकाखाली एक उतरले. मुलीला तेच दिसेल आणि वडील खोटे लिहीत होते असे ती धरून चालेल. पण आकडे मी नकळत झपाट्याने चढणारे आणि सावकाश उतरणारे लिहिले होते, आणि ते पाहताना उमगले की ते बनवलेले नाहीत. कोणीतरी रात्रभर पाण्याशी उभे राहून ते वाचले, कशावर तरी टिपून ठेवले, आणि वडिलांनी सकाळी परत आल्यावर ते वहीत एका बैठकीत उतरवून घेतले. ‘समास’ यांनी म्हटलेला तो तिसरा माणूस घरातच होता. आतापर्यंतच्या तेरा प्रसंगांत आईच्या तोंडी एकच वाक्य आहे, आणि मुलीने तिला अजून काहीही विचारलेले नाही.

उद्या कोठून सुरुवात करायची ते वहीत लिहून ठेवले आहे: आई कंदिलाची काच पदराने पुसते आणि दाराला बाहेरून कडी घालते.